शिजलेलं मीठ

आमच्या खानावळीत मीठ मी एकटीच घालते. भाकरी कुणी थापावी, कांदा कुणी चिरावा, मसाला कुणी भाजावा, याला माझी ना नाही. पण मिठाच्या बरणीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कामाला येणाऱ्या दोघी बायका माझ्या पाठीमागं हसतात. "मावशीची बरणी म्हंजे देव्हारा हाय," म्हणतात. हसू देत. आमचे मालक गेल्यापासून ही खानावळ मी एकटीच्या जिवावर ओढते आहे, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मला कळली आहे. गिऱ्हाईक तिखटाला माफ करतं, मिठाला करत नाही. आणि मीठ घालायचं ते शिजतानाच. वरून भुरभुरलेलं मीठ जिभेवर बसून राहतं, शिजलेलं मीठ आत उतरतं. जेवणारा नवखा असला तरी त्याला फरक कळतो, नाव सांगता येत नाही एवढंच.

लेकीचं लग्न झालं आणि जावई पहिल्यांदा आमच्यात जेवायला बसले, तेव्हा त्यांनी हळूच मीठ मागितलं. नवा जावई, मान द्यायचा सोडून मी तिथंच सुनावलं. "पावणं, माझ्या घरात वरनं मीठ घ्यायचं न्हाय. कमी असंल तर सांगा, आमटी परत चुलीवर चढवते. शिजलेलं मीठ येगळं आन् वरचं मीठ येगळं." बिचाऱ्याचे कान लाल झाले. लेक स्वयंपाकघरातून डोळे वटारून बघत होती. पण माणूस मनाचा मोकळा. पुढच्या खेपेला पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "शिजलंय, आत्या." तेव्हापासून दर वेळी हेच. पहिला घास, डोळे मिटायचे, "शिजलंय, आत्या." मग सगळी हसायची.

लेक दिलीय जोतिबाच्या डोंगरावर. पायऱ्यांच्या तोंडाशी त्यांचं नारळ, गुलाल, दवण्याचं दुकान आहे. वर निळी ताडपत्री. देवाला जाणारी माणसं चपला त्यांच्याकडं काढून ठेवतात आणि येताना घालून जातात. चैत्र यात्रेत तिथं चपलांचा ढीग माणसाच्या कमरेएवढा होतो. वर्षाचं पोट त्या यात्रेवर.

आणि माझी खानावळ पोलीस ठाण्याच्या मागच्या गल्लीत. शिरोली एमआयडीसीतली फौंड्रीची माणसं पाळी सुटल्यावर माझ्याकडं जेवतात, कोर्टात तारखेला आलेली माणसं जेवतात आणि कोठडीतल्यांचे डबेही माझ्याकडूनच जातात. आत कोण आहे, त्यानं काय केलंय, हे मी कधी विचारत नसे. परत आलेल्या डब्यावरून कळायचंच. भाकरी तशीच आणि भात तेवढा संपलेला असला, की समजायचं, जबडा दुखतोय. मग दुसऱ्या दिवशी मी भात जरा जास्त भरायची. खोटं कशाला बोलू, त्यापलीकडं मला काही वाटत नसे. चोराला चोप बसायचाच, त्यात नवल काय, असं मी मानून चालले होते.

त्या साली यात्रा आठवड्यावर आली होती. यात्रेत काहीतरी होणार, असा एक निरोप कुणीतरी कुठूनतरी पाठवला होता म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण सगळ्यांच्या मोबाइलवर तो फिरत होता. त्यात स्टँडवर ते झालं. चंदगडकडच्या एस.टी.तून एक माणूस उतरला, पिशवी बाकाखाली ठेवून तोंड धुवायला गेला. एका कुत्र्यानं त्या पिशवीत तोंड घातलं आणि मोठा आवाज झाला. कुत्रं जागीच गेलं. पिशवीत लिंबाएवढे गोळे निघाले, सुतळीनं आवळून बांधलेले, आत दारू ठासलेली. लोकांनी त्या माणसाला पळताना धरला, हाणला आणि ठाण्यात आणून दिला.

अर्ध्या तासात गल्ली माणसांनी भरली. खानावळीत दुसरा विषय नव्हता. फौंड्रीतला एक जण म्हणाला, "माझ्याकडं द्या की त्येला. भट्टीच्या तोंडाशी उभा करतो, बापजाद्यांची नावं सांगंल." सगळे हसले. मीही हसले. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "आवं, असले गोळे आमच्याकडं डुकराला टाकत्यात. शेतात डुकरं घुसत्यात त्येस्नी." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. माझ्याही डोक्यात डोंगर, पायऱ्या आणि निळी ताडपत्री एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याचे साहेब स्वतः जेवायला आले. आमच्याकडचे नव्हेत, बदलीवर आलेले. बोलायला सभ्य, जेवून ताट स्वतः उचलणारे. मी म्हटलं, "साहेब, त्यो बोलला का काय?"

"नाही बोलत," साहेब म्हणाले. "गोळे सापडले म्हणतो. कुठं सापडले, सांगत नाही. कुणी केले, सांगत नाही."

"डुकराचे असतील, असं एक जण म्हणत हुता."

"मलाही माहीत आहे, मावशी. डुकराला टाकतात ते माणसांत टाकता येत नाहीत का? आणि डुकराचेच असतील, तर तोंड उघडायला याला काय अडचण आहे?"

मला ते पटलं. मग साहेबांनी आवाज खाली आणला. "तुमच्याकडून एक काम हवंय. आजपासून त्याच्या डब्यात मीठ वाढवा. चांगलं वाढवा. पाण्याचं आम्ही बघतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं उलथणं खाली ठेवलं. "साहेब, माझ्या हातचं अन्न हाय ते."

"मारलं तर वळ उठतात. वळ कोर्टाला दिसतात. मीठ कुणाला दिसतं?" साहेबांनी हात पुसले. "वर लाखो माणसं येणार आहेत. तुमची मुलगी वरच असते ना?"

त्यांनी धमकी दिली नाही, हे मला सांगायलाच हवं. ते थकलेले होते आणि घाबरलेले होते. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझ्याकडं आलंही नसतं. जाताना दारातून वळून म्हणाले, "चवीला मात्र चांगलं पाहिजे. नाहीतर खाणार नाही."

मी लेकीला फोन लावला. म्हटलं, "पोराला घेऊन चार दिस खाली ये."

"आई, डोकं फिरलंय का तुझं? यात्रा तोंडावर आलीय आन् दुकान सोडून खाली येऊ?"

"अगं, स्टँडवर काय घावलंय ते ऐकलंस की."

"ऐकलं. देव हाय वर. तू तुझी चूल बघ."

माझीच लेक ती, माझ्यासारखीच बोलणार. फोन ठेवला आणि शेजारच्या किराणा दुकानात मीठ आणायला गेले. दुकानदार जैन, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. सूर्य मावळायच्या आत जेवणारा, मुंगीला वळसा घालून चालणारा माणूस. एवढ्यात मीठ नेलं होतं आणि परत दोन पुडे मागते, म्हणून त्यांनी विचारलं, "यात्रेची पंगत हाय काय, मावशी?"

मला लपवता येत नाही. सगळं सांगितलं. अण्णांनी पुडे हातात धरून ठेवले, देईनात. म्हणाले, "म्हंजे मी इकलेलं मीठ. मग मलाबी लागलं की हे पाप."

"अण्णा, माझी लेक वर हाय."

"तेच तर. माझी असती तर मीबी हेच केलं असतं. म्हणून तर वंगाळ हाय हे." आणि त्यांनी पुडे माझ्या पिशवीत टाकले. दुसरं एखादं असतं तर म्हटलं असतं, अण्णांनी मला अडवायला हवं होतं. पण मी अडायला गेलेच नव्हते.

यात्रेच्या आठवड्यात आमच्या चुलीवर मटण चढत नाही. मी अख्खा मसूर केला. आता मीठ वाढवायचं आणि ते पहिल्या घासाला कळू द्यायचं नाही, हे येड्यागबाळ्याचं काम नाही. खोबरं आणि तीळ भाजून वाटून घातले. त्यानं मीठ दबतं, जिभेला गोडसर लागतं. चिंचेचा कोळ जरा वाढवला. कांदा-लसूण मसाला सढळ हातानं टाकला. मग मीठ. एरवी मी हातावर घेऊन अंदाजानं टाकते. त्या दिवशी टाकत गेले आणि चाखत गेले. पोटात गेल्यावर जीव कासावीस करील पण तोंडात गोड लागेल, असा मसूर मी केला. इतकी वर्षं जे हाताला शिकवलं होतं ते सगळं त्यात ओतलं. कामाच्या दोघी बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "मावशी, वास लई भारी सुटलाय." मी तिला बाहेर भांडी घासायला लावलं.

डबा रिकामा परत आला. चाटूनपुसून. हवालदाराला विचारलं, "बोलला?" त्यानं मान हलवली. हवालदार आमच्या गल्लीतलाच, लहानपणी माझ्याकडं भाकरी खाल्लेला. तो माझ्याकडं बघत नव्हता.

पुढच्या दिवशीही दोन्ही वेळा तसेच डबे गेले. बातमी काहीच नाही. माझ्या जिवाला घोर लागला. भाकरी तव्यावर करपायची. वर यात्रेकरू जमायला लागले होते, सासनकाठ्या निघाल्या होत्या, आणि लेकीचा फोन लागत नव्हता. यात्रेत डोंगरावर फोन धड लागतच नाही, हे माहीत असून मी पन्नासदा लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःच डबा घेऊन ठाण्यात गेले. हातात माझी पाण्याची बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. उन्हाळ्यात ती कायम माझ्याजवळ असते. साहेब बाहेरच्या खोलीत फोनवर होते. हवालदाराला म्हटलं, "दोन मिनिटं सोड मला आत." त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि सोडलं.

मला वाटलं होतं, मोठ्या डोळ्यांचा, आडदांड असा कुणीतरी असणार. आत एक काटकुळा माणूस भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटले होते. मला बघून गजांपाशी सरकला. माझ्याकडं नाही, बाटलीकडं बघत म्हणाला, "आक्का, पाणी."

आमच्यात दारात आलेल्या परक्याला आधी पाणी देतात. नाव-गाव मग विचारतात. पाणी न देता विचारपूस करणं म्हणजे उंबऱ्यावरून हाकलल्यासारखंच. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. तरी मी बाटली मागं धरली.

"देते की. आधी सांग. वर डोंगरावर काय ठेवलंयस?"

"काय न्हाय, आक्का."

"माझी लेक हाय वर. पायऱ्यांच्या तोंडाला, डाव्या हाताला, निळ्या ताडपत्रीचं दुकान. चपला ठेवत्यात तितं. तिच्या आसपास काय हाय का, एवढंच सांग. आख्खी बाटली देते." माझा आवाज रडवेला झाला होता. मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते. "बाबा, तुला लेकरंबाळं असतील. सांग की."

तो बाटलीकडंच बघत होता. म्हणाला, "निळी ताडपत्री?"

"व्हय."

"डाव्या हाताला?"

"व्हय, व्हय."

"तितंच हाय," तो म्हणाला. "चपलांच्या खाली."

मी बाटली गजांतून आत दिली. त्यानं ती कशी प्यायली ते मी बघितलं नाही. मी साहेबांकडं धावले.

साहेब उठूनच उभे राहिले. "मावशी, आम्हांला तीन दिवस जमलं नाही ते तुम्ही केलंत." हे ऐकून मला अभिमान वाटला. हो, अभिमान. त्या वेळी दुसरं काही वाटलं नाही. म्हटलं, "आधी माझ्या लेकीला आन् नातवाला बाजूला काढा." ते म्हणाले, "आत्ता गाड्या सुटतात." आणि जाताजाता म्हणाले, "संध्याकाळचा डबाही तसाच पाठवा. ज्याच्या दुकानात ठेवलंय त्याचंही अंग असणारच यात. अजून बरंच काढायचंय."

ते वाक्य मी ऐकलं. कानांनी ऐकलं, डोक्यात शिरलं नाही. माझ्या लेकीचा जीव वाचला, एवढंच डोक्यात घोळत होतं. घरी येऊन चूल पेटवली. त्या संध्याकाळी मसूर करताना माझ्या मनावर कसलंच ओझं नव्हतं. खोबरं भाजलं, तीळ भाजले, मीठ घातलं. चाखूनही बघितलं नाही. हाताला आता सवय झाली होती. हवालदार आला आणि डबा घेऊन गेला. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, गडबडीत आहे.

दिवेलागणीला लेकीचा फोन आला, कुणा परक्याच्या मोबाइलवरून. ती रडत नव्हती. तिचा आवाज इतका सपाट होता, की आधी मी ओळखलाच नाही. "आई, ह्यांना नेलंय."

दुकान पोलिसांनी रिकामं केलं होतं. गुलालाची पोती फाडली, नारळ फोडले, चपलांचा ढीग उपसून उतारावर फेकला. खाली फरशी, फरशीखाली माती. काही नव्हतं. अनवाणी माणसं आपल्या चपला शोधत फिरत होती आणि लेकीलाच शिव्या देत होती. जावयांना चौघांनी धरून गाडीत घातलं. का, ते कुणी सांगितलं नाही.

मी तशीच ठाण्यात गेले, चुलीवर दूध ठेवलेलं तसंच सोडून. हवालदार दाराशी होता.

"माझं जावई कुठं हायत?"

"आत."

"आन् त्यो चंदगडवाला?"

"त्येला साहेब वर घेऊन गेल्यात. जागा दाखवायला."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "मग डबा कुणाला दिलास?"

"आत एकच माणूस हुता, मावशी. मला डबा द्यायला सांगितलंय, मी दिला."

"पाणी दे त्येंना. माझ्या गळ्याची आण."

"साहेब आल्याशिवाय न्हाय जमायचं."

मी ओरडले, शिव्या दिल्या. ज्याला माझ्या हातची भाकरी खाऊ घातली होती त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो ऐकून घेत उभा राहिला, पण दारातून हलला नाही. शेवटी मी ठाण्याच्या पायरीवर बसले. पाण्याची दुसरी बाटली भरून आणली होती, ती सकाळपर्यंत माझ्या मांडीवर होती.

सकाळी चंदगडकडची दोन माणसं आली. एक गावचा पोलीस पाटील, दुसरा त्या माणसाचा बाप. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. साहेबांपुढं त्यानं तो हात टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "गोळं मी केल्यात. पोराला सोडा." म्हाताऱ्याची लेक पन्हाळ्याच्या बाजूला दिलेली, तिथल्या उसात डुकरं शिरत होती, म्हणून पोरगा गोळे घेऊन निघाला होता. कोल्हापुरात एस.टी. बदलायची होती. शिकारीचा गुन्हा लागेल, म्हातारा आत जाईल, म्हणून पोरानं तोंड उघडलं नाही. बापाचं नाव सोडून त्यानं दुसरं काहीही सांगितलं असतं, आणि तसं सांगितलंही. निर्दोष कुणीच नव्हतं. असले गोळे पिशवीत घालून एस.टी.त बसणारा माणूस निर्दोष कसा म्हणायचा? त्याच्या शेजारी एखादी लेकुरवाळी बसली असेल. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तो व्हायलाच हवा होता.

जावयांना दुपारी सोडलं. त्यांच्यावर हात कुणी उचलला नव्हता. फक्त कोठडीत ठेवलं, प्रश्न विचारले आणि पाणी दिलं नाही. बाहेर आले ते नळावर गेले आणि ओंजळीनं पीत राहिले. मी बाटली घेऊन मागं उभी होते. त्यांनी मला बघितलं नाही, किंवा बघितलं असेल.

यात्रा झाली. गुलालानं डोंगर न्हाला, काठ्या नाचल्या, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. तो निरोप कुणी पाठवला होता ते मला आजतागायत कळलेलं नाही.

साहेब पुढं बदलून गेले. जायच्या आधी एकदा खानावळीत आले. जेवले नाहीत, नुसते बसले. म्हणाले, "मावशी, तुमच्या मनात माझ्याबद्दल राग असेल."

"हाय," मी म्हटलं.

"पण एक सांगा. खरं निघालं असतं तर?"

किती दिवस मी त्याच प्रश्नाशी भांडत होते. एकाला तहानेनं तडफडवून हजारांचे जीव वाचणार असतील तर काय चूक, असं चहाच्या टपरीवर कुणीही विचारतं आणि विचारून चहा पितं. मीही तेच बोलणारी होते. लेक वर असताना मला कुणी उपदेश केला असता तर त्याच्या तोंडावर मी झारा फेकून मारला असता. म्हणून साहेबांना मी शहाणपण शिकवलं नाही. मला जे माहीत होतं तेवढंच सांगितलं.

"साहेब, त्यानं काय सांगितलं हो तुम्हांला? निळी ताडपत्री मी सांगितली. डावा हात मी सांगितला. चपला मी सांगितल्या. त्येला पाणी पायजे हुतं, म्हणून त्यानं माझंच बोलणं मला परत दिलं. मी तेच उचलून तुमच्याकडं आणलं."

साहेबांना हे माहीत नव्हतं. ते उठले. मग टोपी उचलली आणि गेले. जाताना पाणीही मागितलं नाही, आणि मीही दिलं नाही. ते अजून मला खुपतं.

त्यानंतर जावई आमच्याकडं बरेच दिवस आले नाहीत. लेक यायची, नातू यायचा. ते येत नसत. कधी दुकानाचं काम निघालं, कधी अंगात कसर आहे, असं काहीतरी कारण असायचं. लेकीला ठाण्यातल्या डब्याचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच वाटायचं, की बायकोच्या माहेराजवळच्या ठाण्यात अब्रू गेली, म्हणून लाजतायत. एकदा म्हणाली, "रातीचं दोनदा उठून पाणी पित्यात. तांब्या उशाला लागतो." मी उठून आत गेले.

आखाडात लेक-जावयाला जेवू घालायची आमच्यात रीत आहे. त्या आखाडात लेकीनं हट्टानं त्यांना आणलं. मी मटण केलं. मसूर मी तेव्हापासून केलेला नाही, गिऱ्हाईक मागतं, तरी करत नाही. मीठ घालताना हात आखडला. किती घातलं ते मला कळेना. परत घालू का नको, असं करत तसंच उतरवलं.

पाट मांडला. ते बसले. पहिल्यांदा त्यांनी तांब्या आपल्या बाजूला घेतला, झाकण काढून भरलेला आहे का बघितलं, मग घास घेतला. डोळे मिटले नाहीत. मी समोर भाकरीची चळत घेऊन उभी होते. लेक आत नातवाला भरवत होती.

"मीठ कमी हाय का?" मी विचारलं. "सांगा, परत चढवते."

"असू दे."

अर्धी भाकरी संपली. खाली बघूनच ते बोलायला लागले. "त्या दिशी, ठाण्यात. पहिल्याच घासाला वळखलं मी, डबा तुमच्या हातचा हाय ते. मला वाटलं, आत्यास्नी कळलं मी हितं हाय. त्येंनी डबा धाडला." त्यांनी भाकरी मोडली. "आत बसून लई भ्या वाटत हुतं. डबा बघून बरं वाटलं. म्हणून सगळा खाल्ला. शेवटचं शीतसुदा."

उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं. ते तयार असल्याचं मलाही तेव्हाच कळलं. वरून पोलिसांनी मीठ घातलं असणार, एवढंच म्हणायचं होतं. कोण विचारायला जाणार होतं? माझं तोंड उघडलंही.

"मीठ त्या पोलिसांनी..."

"शिजलेलं हुतं, आत्या," ते म्हणाले आणि तांब्या त्यांनी आणखी जवळ ओढून घेतला.